हद्दीवरचा अँकर

नियमावली माणसाला पशूपासून वेगळं करते, यावर टेकूसाहेबांची श्रद्धा होती. पशू जिथं पाय पडेल तिथं चालतो, माणूस कलम पाहून पाऊल टाकतो, असं ते नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत आणि पाइपांची जाडजूड नियमावली त्याच्या हातात ठेवत. ती नियमावली एरवी त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्याखाली असे. ती काढली की पडदा चार बोटं खाली जाई आणि साहेबांची मान दुखू लागे, म्हणून नवा माणूस ती लगेच परत करी. गेल्या आठ वर्षांत ती कुणी उघडल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

टेकूसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हतं. कुठल्याही पाइपचा नकाशा समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘याला टेकू कुठाय?’ टेकू असला तर दुसरा प्रश्न असे, ‘एकच?’ सत्तावीस वर्षांत त्यांनी जितके टेकू दिले तितके पाइप तरी जगात आहेत का, अशी शंका बांधकामवाले उघड बोलून दाखवत. पण साहेबांचा एकही पाइप कधी पडला नव्हता. पडायला जागाच नव्हती.

ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर पाइपांवरच्या ताणाचं गणित करणारे दोन विभाग होते. खिडकीकडे लोखंडवाले, मुतारीकडे फायबरवाले, आणि मधे फायलींच्या कपाटांची रांग. लोखंडवाले म्हणजे पोलादी पाइप बघणारे. हा पाइप तापला की लांब होतो, त्याला वाट दिली नाही तर वाकतो, कुरकुरतो, पण वर्षानुवर्षं निभावून नेतो. फायबरवाले बघायचे ते काचेच्या धाग्यांचे आणि राळेचे पाइप. ते हलके, गंज न चढणारे, खारं पाणी मुकाट पचवणारे. पण त्यांना कुणी ढकललेलं खपत नाही. ते आधी वाकून दाखवत नाहीत, एके दिवशी सरळ तुटतात. साहजिकच दोघांच्या नियमावल्या वेगळ्या होत्या. लोखंडाच्या नियमावलीत जे चालून जातं ते फायबरच्या नियमावलीत पाप, आणि दोन्ही विभागांना दुसऱ्याची नियमावली वाचणं कमीपणाचं वाटे.

अडचण एवढीच होती की कारखान्यात काही पाइप अर्धे लोखंडी आणि अर्धे फायबरचे असत. जिथं लोखंड संपतं तिथं एक जाड थाळी, फायबर सुरू होतं तिथं दुसरी थाळी, आणि दोन्ही बोल्टांनी आवळलेल्या. या जोडाला फ्लँज म्हणतात, आणि तिथं एका नियमावलीची हद्द संपून दुसरीची सुरू होते. हद्दीवर काय करायचं याची मजल्यावर एक जुनी रीत होती. प्रत्येकानं आपल्या बाजूचं गणित फ्लँजपर्यंत करायचं आणि तिथं एक अँकर टाकायचा. अँकर म्हणजे काँक्रीटचा ठोकळा. त्याला पाइप असा जखडायचा, की अलीकडची ढकलाढकल पलीकडे पोचू नये. कॉम्प्युटरमध्ये अँकर टाकायला एक बटण दाबावं लागतं. जमिनीवर टाकायला खड्डा, सळ्या, काँक्रीट आणि बांधकामवाल्यांची मनधरणी लागते. म्हणून रीतीचा पुढचा भाग असा होता की लोखंडवाल्यांनी भारपत्रक काढायचं, म्हणजे आमचा पाइप या ठिकाणी किती टन ढकलणार आहे ते लिहून पलीकडे द्यायचं. मग फायबरवाल्यांनी त्यावर सही करून बांधकामवाल्यांना सांगायचं, ‘बाबांनो, इथं ठोकळा घाला.’

अशा परिस्थितीत टेकूसाहेबांच्या एकुलत्या एक मुलीनं, छोटीनं, कपाटांच्या पलीकडच्या माणसाशी लग्न केलं.

मुलाचं शिक्षण, घर, उंची, स्वभाव यांतल्या कशालाच साहेबांची हरकत नव्हती.

“पण फायबर?” ते बायकोला म्हणाले.

“माणसाशी लग्न करतेय ती, पाइपाशी नाही,” बायको म्हणाली.

“तुला त्यातलं कळायचं नाही.”

“देवाची कृपा.”

लग्न झालं. जावई ऑफिसात त्यांना ‘सर’ म्हणे आणि घरी ‘बाबा’. दर रविवारी दुपारी दोघं जेवायला येत. जावयाचा एकच दोष होता. तो मनमोकळा होता.

कारखान्यातल्या सगळ्या पाइपांची यादी ठेवणाऱ्या एक बाई खालच्या मजल्यावर बसत. सगळे त्यांना यादीबाई म्हणत. पाइपचा क्रमांक, व्यास, दाब, तापमान, असं एकाखाली एक ओळीनं. टेकूसाहेब ती यादी कागदावर छापून घेत, ओळीखाली स्टीलची फूटपट्टी धरत आणि पेन्सिलीनं खूण करत आकडे उतरवत. पडद्यावर वाचलेला आकडा डोळ्यांतून जातो, पट्टीखालचा डोक्यात जातो, असं त्यांचं म्हणणं. तर वर्षभरापूर्वी एका बैठकीत, चौदा माणसांसमोर, जावई हसत म्हणाला, “सर, हा व्यास वरच्या ओळीतला आलाय. पट्टी घसरली वाटतं.”

तेरा माणसं हसली. पट्टी खरोखरच घसरली होती, हे त्याहून वाईट. पुढे महिनाभर कपाटांच्या पलीकडून कुणीतरी अधूनमधून म्हणायचं, ‘पट्टी सांभाळा हो!’, आणि पलीकडे खसखस पिकायची. टेकूसाहेबांनी जुनी पट्टी टाकून नवी, दुप्पट जड पट्टी घेतली, आणि जावयाला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

रविवारी ते त्याला ‘जावईबापू’ म्हणू लागले. सासूही तेच म्हणे. पण सासूच्या तोंडी ते वाढताना यायचं आणि सासऱ्याच्या तोंडी ताट ओढून घेताना आल्यासारखं वाटायचं.

“घ्या जावईबापू, भाजी घ्या. मऊ आहे. तुमच्या पाइपांसारखी.”

“बाबा, आमचे पाइप तीस वर्षं गंजत नाहीत.”

“गंजायला आधी टिकावं लागतं.”

छोटी म्हणाली, “झालं का तुमचं सुरू? मी मधे अँकर म्हणून बसू का?”

जावई मोठ्यानं हसला. साहेबांनी भाताला दही कालवलं.

त्याच सुमारास वरून फर्मान आलं. दोन विभागांचा एकच विभाग होणार, कपाटं हलणार आणि खुर्ची एकच राहणार. टेकूसाहेबांच्या निवृत्तीला दहा महिने उरले होते. खुर्ची मिळाली तर वर तीन वर्षं मुदतवाढ. नाही मिळाली तर फुलांचा गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ. दुसरा उमेदवार जावई. त्याला खुर्ची मिळाली नाही तर तो दोन वर्षांसाठी साइटवर जाणार हे ठरलेलं होतं. साइट म्हणजे कारखान्याच्या कुंपणातला पत्र्याचा डबा, पाच तासांच्या अंतरावर. आणि छोटीला तेव्हा तिसरा महिना लागला होता.

एका रविवारी ती स्वयंपाकघरात वडिलांच्या मागे आली. साहेब पाणी पीत होते.

“बाबा, एक विचारू? तुम्ही त्याच्या आडवे नाही ना येणार?”

“मी कशाला आडवा येऊ?”

“नाही, म्हणजे तुमची सगळी नोकरी झाली आता. त्याला डब्यात पाठवलं तर मी इथं एकटी...”

“मी कुणाच्या आडवा जात नाही. नियमात बसेल ते होईल.”

छोटीला लहानपणापासून हे वाक्य माहीत होतं. सहलीला जायचं होतं तेव्हा, नाच शिकायचा होता तेव्हा, आणि लग्नाच्या वेळीही ती हेच वाक्य ऐकून खोलीत जाऊन रडली होती. या वेळी ती रडली नाही. ‘बरं,’ म्हणाली, आणि वडिलांचा रिकामा पेला विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी टेकूसाहेबांनी सतरा नंबरचा पाइप तपासायला घेतला.

सतरा नंबर म्हणजे वापरलेलं पाणी कारखान्यातून समुद्राकडे नेणारा पाइप. आधी साठ मीटर लोखंडी, मग फ्लँज, मग समुद्रापर्यंत फायबर. दोन वर्षांपूर्वी त्याचं गणित साहेबांनीच केलं होतं. आता कारखाना उभा राहत आला होता आणि सगळी गणितं शेवटची नजरेखालून घालायची होती. साहेबांनी निकाल पाहिले. आत घातलेले आकडे पाहिले नाहीत, कारण ते साहेबांचेच होते. पंच्याऐंशी अंशाला तापल्यावर पाइप त्रेचाळीस मिलिमीटर लांब होत होता, आणि हद्दीवरच्या अँकरला अठरा टनांनी ढकलत होता. लोखंडाच्या नियमावलीप्रमाणे सगळं ठाकठीक. त्यांनी सहज, केवळ सवयीनं, पलीकडच्या विभागाचं गणित उघडलं. तिथंही हद्दीवर अँकर होता. मग त्यांनी बांधकामवाल्यांचा नकाशा उघडला, आणि तो कितीतरी वेळ उघडाच ठेवला.

दोघांच्याही गणितात तिथं अँकर होता. जमिनीवर तिथं गवत होतं.

काय झालं होतं ते साहेबांच्या लगेच ध्यानात आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भारपत्रक काढलंच नव्हतं, राहून गेलं होतं. भारपत्रक नाही म्हणून फायबरवाल्यांनी भार धरला नाही, आणि तरी रीत म्हणून अँकर धरला. उद्या गरम पाणी सोडलं की लोखंड त्रेचाळीस मिलिमीटर सरकणार, अठरा टनांनी फ्लँजवर रेटणार, आणि चार टनही न सोसणारं फायबर त्या थाळीपाशी काकडीसारखं मोडणार. साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांना भीती वाटायला हवी होती. पण एखाद्याला घरात हरवलेली किल्ली सापडावी तसं त्यांना वाटलं.

दुरुस्ती एका वाक्याची होती. कपाटांच्या पलीकडे डोकावून ‘अहो, सतरा नंबरला ठोकळा राहिलाय बरं का’ म्हटलं की झालं. जावयानं त्याच दिवशी बांधकामवाल्यांना गाठलं असतं आणि रविवारी वर आभार मानले असते.

साहेबांनी भारपत्रक भरलं. अठरा टन, व्यवस्थित, दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यावर त्या दिवसाची खरी तारीख घातली, कारण खोटी तारीख घालणं नियमात बसत नव्हतं. आता ते पाठवायचं कसं हा प्रश्न होता. पलीकडे कागद द्यायच्या दोन जागा होत्या. एका ट्रेवर लिहिलं होतं ‘कृतीसाठी’. तिथला कागद आला की पोच द्यावी लागे, सही करावी लागे आणि तीन दिवसांत उत्तर द्यावं लागे. दुसऱ्या ट्रेवर लिहिलं होतं ‘माहितीसाठी’. तिथं अग्निशमन यंत्राची तपासणी झाल्याच्या सूचना, पार्किंगची परिपत्रकं आणि निवृत्त झालेल्यांचे आभार येऊन पडत. महिन्यातून एकदा शिपाई ते सगळं न बघता फायलीला लावी.

साहेबांनी भारपत्रक ‘माहितीसाठी’त ठेवलं, पार्किंगच्या परिपत्रकाखाली. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, याला आणखी काय लागतं?

पुढचे चार महिने टेकूसाहेब भलतेच गोड वागले. जावयाला आग्रह करून वाढू लागले. बायको एकदा म्हणाली, “बरं वाटतंय ना तुम्हाला?” ते म्हणाले, “माणूस वयानं मऊ होतो.” दर रविवारी जावई सतरा नंबरच्या गुपितापासून हाताच्या अंतरावर बसून जेवत होता, आणि साहेब मूग गिळून समोर बसले होते. एकदा तर जावईच म्हणाला, “बाबा, आमच्याकडचं सगळं तपासून झालं. काही राहिलंय असं तुम्हाला दिसलं तर सांगा हं.”

“छे, मी काय सांगणार,” साहेब म्हणाले. “तुम्हाला सगळी माहिती आहेच.”

गरम पाणी सोडायला पंचवीस दिवस राहिले असताना शेवटची बैठक झाली. अध्यक्षस्थानी प्रकल्पाचे मॅनेजर होते. त्यांना जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल एकच प्रश्न पडत असे, ‘कधी?’ म्हणून त्यांचं नाव तारीखसाहेब. बैठकीत एकेक पाइप पुढे येत होता आणि मान्य होत होता. सतरा नंबर आल्यावर टेकूसाहेबांनी घसा खाकरला.

“इथला अँकर मला जागेवर दिसला नाही.”

“कुठला अँकर?” तारीखसाहेब म्हणाले.

“हद्दीवरचा. अठरा टनांचा. फायबरवाल्यांनी बांधकामाला कळवायचा होता.”

जावयानं कागद उलटे-पालटे केले. “सर, आम्हाला भारपत्रकच आलेलं नाही.”

“चार महिने झाले देऊन,” साहेब शांतपणे म्हणाले. “तुमच्या फायलीत बघा.”

शिपायाला पाठवलं. फाइल आली. अग्निशमन यंत्र, पार्किंग, आणि त्याखाली भारपत्रक, तारखेसकट. जावयानं ते वाचलं. मग त्यानं वरचा ‘माहितीसाठी’चा शिक्का वाचला. मग त्यानं टेकूसाहेबांकडे पाहिलं. तो हसला नाही की रागावला नाही. नुसताच पाहत राहिला, आणि साहेबांना उगाच आठवलं, की फायबर आधी वाकून दाखवत नाही.

“चार महिने!” तारीखसाहेब ओरडले. “चार महिने तुमच्या बुडाखाली कागद आणि तुम्ही झोपा काढताय?”

“तो ‘माहितीसाठी’त होता, सर.”

“मग माहिती नको व्हायला?”

वाक्य बिनतोड होतं. खुर्चीचा निकाल त्याच दिवशी, चहाच्या आधी लागला. बैठकीतून उठताना एक लोखंडवाला दुसऱ्याच्या कानात म्हणाला, “पट्टी घसरली वाटतं,” आणि या वेळी खिडकीकडच्या मंडळींत खसखस पिकली.

त्या रविवारी छोटी एकटीच आली. सहावा महिना सरत आला होता. ती बसली नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी पाठवलं होतं.”

“कशात?”

“ऑफिसच्या गोष्टी घरी काढायच्या नाहीत, हा माझा नियम आहे.”

“बाबा, तो दर रविवारी इथं, या खुर्चीत बसत होता. तुम्ही त्याला वाढत होता.”

“त्याचा आणि याचा काय संबंध?”

छोटीनं आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

“काहीच नाही,” छोटी म्हणाली. “तुमच्याकडे कशाचाच कशाशी नसतो.” ती चप्पल घालून निघून गेली. मांडलेली चारही ताटं साहेबांनीच उचलून ठेवली, कारण बायको जागची हलली नाही.

इकडे बांधकामवाल्यांनी सतरा नंबरच्या फ्लँजशेजारी पुरुषभर खोल खड्डा खणला आणि सळ्या उभ्या केल्या. मग त्यांनी सांगितलं की काँक्रीट ओतल्यापासून अठ्ठावीस दिवस त्यावर भार देता येत नाही. पाणी सोडायला आता अठरा दिवस उरले होते. तारीखसाहेबांनी बोटांवर हिशेब केला, दोन वेळा केला, आणि तो दोन्ही वेळा सारखाच आला.

“काँक्रीट रद्द,” ते म्हणाले. “माणूस उभा करा.”

“माणूस?” टेकूसाहेब म्हणाले.

“फ्लँजपाशी. पाइप किती सरकतोय ते मोजत राहील. जास्त सरकला की ओरडून सांगेल, आपण पाणी बंद करू.”

“आणि एकदम फुटलं तर?”

“तर त्याला ओरडायची गरज नाही. आवाज येईलच.”

“पण उभं कोण राहणार?”

“ज्याचं फायबर तो.”

विभागाच्या खुर्चीवर आता टेकूसाहेब होते. त्यांनी एक सही नाकारली असती तर पाणी महिनाभर लांबलं असतं आणि तारीखसाहेबांनी त्यांना खाऊ की गिळू केलं असतं, पण माणूस उभा राहिला नसता. त्यांनी आदेश नीट वाचला. त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. माणसाला पाइपशेजारी उभं करू नये, असं लोखंडाच्या नियमावलीत कुठंच लिहिलेलं नाही. त्यांनी सही केली.

पाणी सोडायचा दिवस उजाडला. सकाळचे दहा. सगळी मंडळी दोनशे पावलांवरच्या काँक्रीटच्या भिंतीमागे उभी होती, डोक्यावर टोप्या, हातात चहा. फ्लँजपाशी जावई एकटा. त्याच्या हातात घड्याळासारखी तबकडी असलेलं मोजायचं यंत्र होतं, त्याचा काटा फ्लँजला टेकवलेला. टेकूसाहेबांच्या हातात वॉकीटॉकी होता.

“सोडा,” तारीखसाहेब म्हणाले.

पाणी सुटलं. पाइप आतून घरघरला.

“किती?” टेकूसाहेबांनी विचारलं.

“एक,” जावयाचा आवाज आला. एक मिलिमीटर. फायबर कितीवर मोडणार हे दोघांनाही माहीत होतं, अकरा ते बाराच्या मधे.

“किती?”

“दोन.”

भिंतीमागे कुणीतरी चहाचा पेला खाली ठेवला. वॉकीटॉकीत जावयाचा श्वास ऐकू येत होता.

“किती?”

“तीन. सर, माझी एक विनंती आहे. छोटीला...”

“वॉकीटॉकीवर फक्त आकडे,” टेकूसाहेब म्हणाले. तसा नियम होता.

वॉकीटॉकी खरखरला.

“चार.”

“आता?”

“चार.”

“आता?”

“चारच.”

तेवढ्यात शेजारच्या सोळा नंबरच्या पाइपवरची, जादा दाब सोडणारी झडप उडाली. ती उडण्यासाठीच असते आणि वेळेवर उडाली. पण तिचा आवाज असा होता, की भिंतीमागची सगळी मंडळी खाली बसली. जावयानं यंत्र टाकलं आणि तो पळाला. तो सहा पावलं पळाला. सातवं पाऊल अँकरसाठी खणलेल्या खड्ड्यात पडलं.

डावा पाय दोन ठिकाणी मोडला, आणि एक सळई मांडीतून आरपार गेली. त्याला वर काढायला चाळीस मिनिटं लागली, कारण शिडी दुसऱ्या विभागाच्या ताब्यात होती आणि ती मागायचा फॉर्म वेगळा होता. पाइपला काहीच झालं नाही. अपघाताच्या अहवालात लिहिलं गेलं, ‘कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय नेमून दिलेली जागा सोडली.’ वाक्य तारीखसाहेबांचं होतं, सही विभागप्रमुख टेकूसाहेबांची.

जावयाच्या पायावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. तिसरीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की पाय आता आहे तेवढाच राहील, म्हणजे दुसऱ्यापेक्षा चौदा मिलिमीटर आखूड. डब्यातली नेमणूक रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली. छोटीनं वडिलांचा फोन उचलणं बंद केलं. दोन महिन्यांनी एका दुपारी टेकूसाहेब नव्या केबिनमध्ये बसले असताना बायकोचा फोन आला. ती तिकडून, दवाखान्यातून बोलत होती.

“मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.”

“मी निघतो.”

“नका येऊ. तिनं सांगितलंय. मी फक्त कळवतेय तुम्हाला.” जराशी थांबून ती म्हणाली, “माहितीसाठी.” आणि फोन ठेवला. ती त्या दिवशी घरी आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आली ती आपले कपडे न्यायला.

टेकूसाहेब त्या आठवड्यात उशिरापर्यंत काम करू लागले नाहीत. ते नेहमीच्याच वेळेला येत आणि जात. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. पाइप त्रेचाळीस मिलिमीटर सरकायला हवा होता. तो चारवर थांबला होता, आणि इतके दिवस चारवरच होता. सत्तावीस वर्षांत त्यांचं गणित असं दहापटीनं कधी चुकलं नव्हतं. शेवटी न राहवून त्यांनी यादीबाईंना फोन लावला.

“बाई, सतरा नंबर अजून पुरता तापलेला नाही का?”

“पुरता म्हणजे?”

“पंच्याऐंशी अंश.”

“सतरा?” बाईंच्या कागदांची सळसळ ऐकू आली. “सतरा एकतीस आहे, साहेब. समुद्रात सोडायचं पाणी ते, पंच्याऐंशीनं सोडलं तर मासे शिजतील. पंच्याऐंशी सोळा नंबर. वरची ओळ.”

“आधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. का हो? काही अडलंय का?”

“नाही,” साहेब म्हणाले. “सहज.”

त्यांनी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची छापील यादी काढली. सतरा नंबरसमोर क्रमांकाला पेन्सिलीची खूण होती, व्यासाला होती, दाबाला होती. तापमानाची खूण एक ओळ वर होती. फायबरवाल्यांनी तापमान त्यांच्याकडूनच घेतलं होतं. गरम बाजू लोखंडवाल्यांची, तेव्हा तापमान त्यांनीच द्यायचं, अशी रीत होती. एकतीस अंशाला पाइप चार मिलिमीटर आणि काही केस एवढा सरकतो. त्याला अँकर लागत नाही. कधीच लागणार नव्हता.

टेकूसाहेबांनी जड पट्टी त्या ओळीखाली धरून पाहिली. मग त्यांनी कोरा फॉर्म घेतला. ‘सतरा क्रमांकाच्या पाइपचे तापमान पंच्याऐंशीऐवजी एकतीस वाचावे.’ खाली त्या दिवसाची खरी तारीख घातली, सही केली, आणि बाहेर येऊन कागद ट्रेमध्ये ठेवला. तिथं कॅन्टीनची वेळ बदलल्याची सूचना पडलेली होती. कागद तिच्याखाली सरकवला. शिपायानं महिनाअखेरीस सगळं न बघता फायलीला लावलं.

पुढच्या आठवड्यात बांधकामवाल्यांनी सळ्या कापल्या आणि खड्डा मातीनं बुजवला. तिथं आता पुन्हा गवत आहे.